धाकटीचे घास

१२ जून
आज आमच्या नवजात वॉर्डात चार किलो सहाशेचं बाळ. आई अशी अगडबंब की खाटेवर कूस वळवता येईना. बाळाची साखर उतरलेली — दर तीन तासांनी इवल्या टाचेला सुई टोचायची, थेंब पिळून काढायचा. आणि आई? बिस्किटं खात होती. किळस आली. नर्सनं असं म्हणू नये, पण ही वही कोण वाचतंय?

घरी आले तर धाकटी बहीण पातेल्यातली साय खरवडून खातेय. पाचवा महिना, वजन अठ्ठ्याहत्तर. "ताई, भूकच लागते गं." हनुवटीला साय. बघवेना.

१५ जून
धाकटीला वॉर्डातल्या बाळाच्या त्या टाचेचा, मी मोबाइलवर काढलेला फोटोच दाखवला. म्हटलं, "तू खा खुशाल. भोगायचं त्या लेकरानं." रडली. रडू दे. कुणीतरी कान उपटायलाच हवे होते.

२ जुलै
तिचा नवरा म्हणतो, "दोन जिवांची आहे, खाऊ द्या." दोन जिवांची म्हणजे दोन पंगतींची नव्हे! लोळ्यागोळ्यासारखी बसलेली असते नुसती.

३० जुलै
तीन किलो उतरले. शाबास.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "जेवण नीट आहे ना?" धाकटी म्हणाली, "हो तर." मी शेजारीच होते. गप्प बसले.

३ सप्टेंबर
आणखी चार. तोंड उतरलंय, जिना चढताना दोनदा बसली. डॉक्टरीणबाई म्हणतात पोट महिन्याच्या मानानं लहान आहे. याचा अर्थ मला कळतो, वीस वर्षं हेच करतेय. तरी घरी येताना म्हटलं, "लहान परवडलं."

४ ऑक्टोबर
मुलगी झाली. एक किलो आठशे.
आमच्याच वॉर्डात, माझ्याच पाळीत. तिचीही साखर उतरलेली — अंगावर साठाच नाही, टिकणार कशी? टाच माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी. सुई मीच टोचली. रडायलाही जोर नव्हता तिला.
डॉक्टरीणबाईंनी धाकटीला विचारलं, "खात काय होता?"
"सकाळी चहा. संध्याकाळी एखादं सफरचंद. बाळाला सुया लागू नयेत म्हणून."
माझं नावही घेतलं नाही तिनं. घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.
त्या लठ्ठ बाईचं बाळ चौथ्या दिवशी ठणठणीत घरी गेलं होतं. आणि ती बाई बिस्किटं खात होती ती बाळंतपणात घडलेल्या दीड दिवसाच्या उपासानंतर. हे दोन्ही मला जूनमध्येच ठाऊक होतं. लिहिलं नाही. धाकटीला सांगितलंही नाही. शी.

९ ऑक्टोबर
बाळ वीस ग्रॅमनी वाढलं. सुया थांबल्या.
धाकटीसाठी ताट घेऊन गेले. ताटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, तू जरा बाहेर जातेस?"
गेले. पोटभर जेवली म्हणे.