दादाला माझी किडनी

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज.
आज मोठा निर्णय जाहीर केला. दादाला किडनी मी देणार.
सगळे जेवायला बसलो होतो. धाकटी बहीण उषा मंठ्याहून आलेली. रायभानदादाच्या ताटाशेजारी खुणा केलेली बाटली. आठशे मिली. दिवसभराचं पाणी तेवढंच, कारण आत गेलेलं बाहेर पडतच नाही. घोट घ्यायच्या आधी तो खूण बघतो. मला राहवलं नाही. उभा राहून म्हणालो, "दादा, माझ्याकडं दोन हायत. एक तुझी." वहिनी रडल्या. मनीषा माझ्याकडं बघतच राहिली. नवऱ्याचा अभिमान वाटला असणार. दादा म्हणाला, "बस खाली रामप्रसाद, भात सांडला तुझा."
संकल्प: उद्यापासून चार लिटर पाणी. चहा बंद. किडनी चकाचक करूनच द्यायची.

५ नोव्हेंबर, मंगळवार
दादासोबत जालन्याला डायलिसिसला जायचं होतं. माझा रक्तगटही तपासायचा होता. पण दुकानात ठिबकच्या नळ्यांची गाडी येणार होती. दादा सकाळी सातला निघाला. गाडी दुपारी एकला आली. पण लवकर येऊ शकली असती.
चहा चार. पाणी दोन ग्लास.

११ नोव्हेंबर, सोमवार
रक्तगट तपासला. ओ पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणाले, बिलकुल चालतो. एखाद्या वेळेस जुळणार नाही असं वाटलं होतं. म्हणजे, जुळावा असंच वाटत होतं.
डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला दीडशे लिटरच्या वर गाळतात, जवळपास सगळं रक्तात परत घेतात, घाण तेवढी दीड-दोन लिटर लघवीतून काढून टाकतात. म्हणालो, साहेब, माझा धंदाच ठिबकच्या फिल्टरचा. एका फिल्टरवर भागतं का? भागतं म्हणाले. तीनदा विचारलं. तीनदा भागतं म्हणाले. तिसऱ्यांदा जरा चिडून.
पुढच्या तपासण्या संभाजीनगरला. याच आठवड्यात उरकतो.

१६ नोव्हेंबर, शनिवार
दादाकडं सहा शहाळी घेऊन गेल्तो. वहिनींनी दारातच अडवलं. म्हणाल्या, "भाऊजी, मारता का त्यांना?" शहाळ्यात पोटॅशियम असतं, किडनी ते काढू शकत नाही, हृदय बंद पडू शकतं. दुकानदारानं हे सांगायला पाहिजे होतं.
दादा हसला. वहिनींना म्हणाला, "आसरा, ओरडू नको. प्रेमानं आणलंय त्यानं." त्याच्या पायाला सूज. अंगठ्यानं दाबलं तर खड्डा तसाच राहिला. तीस वर्षं या माणसानं गावाला पाणी सोडलं, टाकीचा व्हॉल्व त्याच्याच हातात. आता पाणी त्याच्याच पायात अडकलंय. त्यानं विचारलं, तपासण्या कुठपर्यंत आल्या? म्हणालो, चालू आहेत.
झालीय एकच.
शहाळी परत आणली. तीन मीच प्यालो. किडनीला चांगली.

२० नोव्हेंबर, बुधवार
मतदान. दुकान बंद. संभाजीनगरला जाता आलं असतं, पण लॅबही बंद असणार. फोन करून विचारलं नाही. सुट्टीच्या दिवशी कशाला कुणाला त्रास?

२८ नोव्हेंबर, गुरुवार
संभाजीनगरहून काल पाच लिटरचा कॅन आणलाय. चोवीस तासांची लघवी त्यात जमा करायची. एक थेंब वाया घालवायचा नाही. सकाळी सहाला सुरुवात. अकरापर्यंत बराबर चाललं. मग वसुलीला अंबडला गेलो, कॅन घरीच. स्टँडमागं सवयीनं उभा राहिलो. अर्ध्यात आठवलं. अर्ध्यात थांबता येत नाही.
मनीषा म्हणाली, उद्या परत सुरू करा. म्हणालो, पुढच्या आठवड्यात. म्हणाली, "जमत न्हाई तर न्हाई म्हणा. माणूस वाट बघून राह्यलाय." घरच्याच माणसाचा विश्वास नसला की माणूस खचतो. आज दुपारी जेवलो नाही. संध्याकाळी जास्त जेवलो.

९ डिसेंबर, सोमवार
उद्या बीपी तपासणी. बीपी जास्त निघालं तर किडनी घेत नाहीत म्हणे. आज ठेचा, पापड आणि लिंबाचं लोणचं खाल्लं. बीपी वाढावं म्हणून नाही. लोणचं चांगलं मुरलंय.

१० डिसेंबर, मंगळवार
बीपी एकशे वीस, ऐंशी. नर्स म्हणाली, काका, एक नंबर!
घरी आल्यावर लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवून दिली.

१९ डिसेंबर, गुरुवार
पहाटे दादाला दम लागला. जालन्याला ॲडमिट. छातीत पाणी झालेलं. वहिनींनी सांगितलं, काल दुपारी घरात कुणी नसताना तो माठातलं दोन तांबे पाणी प्याला. सहनच झालं नाही म्हणाला. तातडीनं डायलिसिस करून साडेतीन किलो पाणी काढलं.
काचेतून दिसत होता. हात जोडून नर्सची माफी मागत होता. पाणी प्याल्याबद्दल.
मी दीड महिना काय करून राह्यलो?
सोमवारी जातो. कुणाला न सांगता. उरलेल्या सगळ्या तपासण्या एकदम.

२३ डिसेंबर, सोमवार
खरंच गेलो संभाजीनगरला. काउंटरवरच्या मॅडमनी कॉम्प्युटरवर दादाचं नाव शोधलं. म्हणाल्या, "यांचा डोनर तर फायनल आहे. उषाबाई, बहीण. सहा जानेवारीला ऑपरेशन." उषाची पहिली तपासणी आठ नोव्हेंबरची. भाऊबीजेनंतर पाचव्या दिवशी. तिनं उभं राहून काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी भांडी घासत होती.
तडक दादाकडं गेलो. म्हणालो, मला का सांगितलं नाही? तो म्हणाला, "तू उभा राह्यला तवाच तुझे पाय लटलट कापून राह्यल्ते. तुला न्हाई म्हणायची लाज वाटू ने, म्हणून सगळे गप बसलो."
सगळे. म्हणजे मनीषासुद्धा.
राग यायला पाहिजे होता. सुटल्यासारखं वाटलं. मग त्याचीच लाज वाटली. चहा घेतला.

६ जानेवारी, सोमवार. संभाजीनगर.
ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, किडनी जोडताक्षणी लघवी सुरू झाली. वहिनी देव पावल्यासारख्या सगळ्या कॉरिडॉरला सांगत सुटल्या, "झाली, यांना लघवी झाली!" शेजारच्या पेशंटसोबत आलेल्या एका म्हाताऱ्यानं माझा हात धरला. म्हणाला, "तुम्ही भाऊ ना? तुम्हीच दिली?"
मी "अं" म्हणालो. त्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी फिरवू दिला.

७ जानेवारी, मंगळवार
उषाला भेटायला सोडलं. कूस बदलता येत नाही. ओठ कोरडे. नर्सनं सांगितलं म्हणून कापूस ओला करून ओठांना लावला.
"दादाची किती झाली?" तिनं विचारलं.
"सकाळपर्यंत चार लिटर."
तिनं डोळे मिटले. झोप लागली असं वाटलं, म्हणून हळूच उठलो. बोलायचं ठरवून आल्तो, ते राहून गेलं. दाराशी पोचलो तोच तिचा आवाज आला, "भाऊ, तू जेवला का?"
हो म्हणालो. दोनदा जेवलो होतो.