पासवरचं नाव

साहेब,

काल दुपारी घोडपदेवहून एक बाई आल्या आणि त्यांनी माझ्याकडे एक निवेदन लिहून मागितलं, म्हणून हे लिहायला बसले आहे. एरवी तुम्हाला पत्र लिहायचं काही कारण नव्हतं. तुम्हाला जाऊन पंचवीसएक वर्षं झाली. गिरगावातला आपला छापखाना त्याच्याही आधी बंद पडला. सकाळपासून ते निवेदन तीनदा लिहिलं आणि फाडलं. मध्येच उठून भांडी घासली, कपाट आवरलं, परत बसले. चार वाजता बाई न्यायला येणार आहेत. त्यात जे लिहायचं आहे ते मी तुम्हाला कधी सांगितलेलं नाही, आणि तुमच्या आधी दुसऱ्या कुणाला सांगणं मला पटत नाही.

बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं आणि तुमच्या दैनिकात मी तीन महिन्यांची उमेदवारी करत होते. संयुक्त महाराष्ट्रासाठी रोज सभा, रोज मोर्चे. गोळीबार सुरू झाले तशी तुम्ही मला मृतांच्या यादीवर बसवलंत. तुमचा नियम एकच होता. इस्पितळातून नाव आणायचं, पण छापायला देण्याआधी त्या माणसाच्या घरी जायचं आणि घरातल्या कुणाच्या तरी तोंडून ते ऐकायचं. मी कुरकुर केली होती, "साहेब, लोक रडत असतात. त्यांना काय विचारू?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "रडू द्या. थांबा. मग विचारा." खिळे जुळवणारे फोरमन तिकडून म्हणाले, "बाई, नाव एकदा खिळ्यांत बसलं की माणूस स्वतः उठून आला तरी आम्ही त्याला ओळखत नाही." सगळे हसले. मीही.

त्या दिवशी परळच्या इस्पितळाच्या व्हरांड्यात गोळी लागून गेलेला तो पडलेला आहे. तोंडावर चादर ओढायची राहून गेली आहे. वॉर्डबॉय त्याच्या खिशातून गिरणीचा पास काढून माझ्यापुढे धरतो, मी नाव उतरवून घेते. लालबागची कुठली चाळ तेही कुणीतरी सांगतं. मी चाळीच्या तोंडापर्यंत गेले, साहेब. रस्त्यावर दगडांचा खच होता, अश्रुधुराने डोळे चुरचुरत होते, पण मी त्याला भ्यायले नव्हते. सकाळपासून तीन घरांत जाऊन आले होते. तिसऱ्या घरात एका म्हातारीने माझा हात धरून ठेवला होता, सोडतच नव्हती. चौथ्या घरात शिरायला पाय उचलेना. मी परत फिरले. तुम्ही विचारलंत, "घरी विचारलं?" मी म्हटलं, "हो." "कोण होतं?" "एक बाई होत्या." इतक्या सहज म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं.

तिसऱ्या दिवशी ज्याचं नाव छापलं तो माणूस स्वतः छापखान्यात आला. हातात आपलाच अंक. "ह्या कोणी छापला? माका जित्तो मारलास! थय गावाक तार गेली, माझ्या आयेन अन्न टाकल्यान!" मग त्यानेच सगळं सांगितलं. त्या दिवशी त्याला ताप होता. खाडा पडू नये म्हणून त्याने आपला पास खोलीतल्या दुसऱ्या गड्याला देऊन त्याला आपल्या जागी कामावर पाठवलं. गिरणगावात हे सर्रास चालायचं आणि मुकादम डोळेझाक करायचे. पाळी सुटून परत येताना त्या गड्याला गोळी लागली. तुम्ही म्हणालात, "उद्या दुरुस्ती छापतो." त्याचा सगळा आवेश गेला. त्याने हात जोडले. "नको, साहेब. मी जित्तो आसय म्हणान छापलास तर गेटार इचारतले, पास मेलेल्याकडे कसो? माझी नोकरी जातली. आता सांगलंय, पास हरवलो, मेलो तो माझ्या नावाचो दुसरो कोण." तुम्ही विचारलंत, "आणि जो गेला त्याचं नाव?" त्याने ते सांगितलं, पूर्ण, आणि पुन्हा म्हणाला, "पण छापू नकात."

तुम्ही त्याच्या हातातला अंक घेऊन यादी पाहिलीत. मग म्हणालात, "पण आमच्या बाई तर तुमच्या घरी विचारून आल्या होत्या. कुणी बाई भेटल्या म्हणे." तो माझ्याकडे बघायला लागला. "बाई? आमच्या खोलयेत बाई खंयची? चौदा गडी रवतो आम्ही."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. फार वेळ नाही. मग त्याला म्हणालात, "जिन्यात भेटली असेल कोणी." आणि समोरचा कागद वाचायला घेतलात.

दुरुस्ती छापली नाही. पंधरा दिवसांनी माझी उमेदवारी संपली. तुम्ही स्वतःच्या हाताने प्रमाणपत्र लिहून दिलंत: बातमीची खातरजमा प्रत्यक्ष जाऊन करतात. वर म्हणालात, "बाई, बी.टी. करा. वर्गात शोभाल." जिना अर्धा उतरेपर्यंत मला ते कौतुकच वाटलं. मग तिथेच कठडा धरून उभी राहिले. पुढे दादरच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं. मुलगी खोटं बोलली की तिथल्या तिथे पकडली, उभी केली. मला तुम्ही उभं केलं नाहीत. ही दया होती, की त्या माणसाची नोकरी वाचवताना माझंही आपोआप झाकलं गेलं, की माझ्यावर शब्द खर्च करण्यात तुम्हाला अर्थ वाटला नाही? ओरडला असतात तर मी रडून मोकळी झाले असते.

काल आलेल्या बाई त्या मेलेल्या गड्याची मुलगी. तेव्हा पाच वर्षांची होती. पासवाल्याने गावी कळवलं होतं, तापाने गेला. गेल्या वर्षी तो स्वतः गेला. जाण्याआधी त्याने हिला बोलावून सगळं सांगितलं. त्याची नात माझ्या शाळेत होती, तेव्हा त्याने मला ओळखलं होतं म्हणे, म्हणून माझा पत्ताही दिला. इस्पितळाचे कागद सापडत नाहीत. हुतात्म्यांच्या यादीत अजून पासवाल्याचंच नाव आहे, ते बदलायला माझं निवेदन हवं. बाई म्हणाल्या, "माझी आई तापाच्या नावाने रडत गेली. निदान माझ्या पोरांना तरी खरं कळू दे." मग पिशवीतून फोटो काढला. "हेच ना? तुम्ही बघितलंत ना त्यांना?"

हो म्हणणं किती सोपं होतं. त्यात कुणाचं नुकसान नव्हतं, आणि बहुधा ते खरंही होतं. पण मला त्याचं तोंड आठवत नाही. एका पायातली चप्पल आठवते, दुसरा पाय अनवाणी. मी म्हटलं, "ओळखता येत नाही." त्यांचा चेहरा उतरला. "मग मी आले कशाला?"

"बसा," मी म्हटलं, शाळेत म्हणायचे तसंच. "मला ठाऊक आहे तेवढं लिहून देते. उद्या चारला या."

मला ठाऊक आहे ते सांगायचं तर मी घरी गेलेच नव्हते, हे आधी सांगावं लागतं. म्हणून तीन कागद फाडले. आता चौथा लिहिते.

संध्याकाळ. बाई येऊन गेल्या. त्यांच्या हाती दिलं ते असं. माझ्या हस्ताक्षरातलं निवेदन, दोन पानं, दोन्हींवर सही. त्यात लिहिलं आहे की नाव मी पासवरून उतरवलं, घरी गेले नाही, आणि गेले असं खोटं सांगितलं. तिसऱ्या दिवशी पासाचा मालक माझ्यासमोर जिवंत उभा होता आणि पास कुणाकडे होता ते त्याने नाव घेऊन सांगितलं. ते नाव निवेदनात पूर्ण आहे. तुम्ही ते ऐकलंत, हे लिहिलेलं नाही. कुणी विचारलं तर सांगेन, आपणहून सांगणार नाही. इतकंच मला जमलं. हे पत्र त्यांना दिलं नाही. पोच म्हणून त्यांनी माझ्या वहीत सही केली. सासरचं नाव सोडून, वडिलांचं लावून केली.