तिकडचं माप

१० फेब्रुवारी २००७
रवी काल कंपनीच्या कामाला मिशिगनला गेला. सणसवाडीहून कंपनीची गाडी त्याला न्यायला आली. आबा शेजारी उभे होते म्हणून मी "अहो, पोचलात की फोन करा" म्हटलं. सासऱ्यांसमोर अहो, आमच्या गाडीत बसलो की तू. गाडीचा हा एक मोठाच उपयोग.

आमची गाडी आधी कंपनीतल्या परदेशी साहेबाची होती. साहेब मायदेशी गेला तेव्हा रवीने घेतली. आतली हवा आकड्यावर चालते. हवा तेवढा आकडा लावायचा, गार-गरम काय ते गाडी बघते. परवा अंगणात दोघं आत बसलो असताना त्याने ऑटो आणि ऑफ ही दोन बटणं एकदम दाबून धरली. पडद्यावर बावीस होतं, त्याचं बहात्तर झालं. म्हणाला, "मिशिगनला फॅरनहाइट चालतं. आता दोघांचं माप एक." मी म्हटलं, मी आठवीला हेच शिकवते, मला काय सांगतोस. मग त्याने माझ्याकडून तीनदा करून घेतलं. बावीस, बहात्तर, बावीस, बहात्तर. दोघंही हसत होतो.

सहाच महिने. ऑगस्ट तर आलाच म्हणायचा.

२५ फेब्रु.
रविवार. फोन. तिकडे शनिवारची रात्र. "आज वीस आहे," म्हणाला. मी म्हटलं, "वा, छान हवा." तो हसत सुटला. मग डोक्यात प्रकाश पडला. वीस वजा बत्तीस, गुणिले पाच, भागिले नऊ. शून्याच्या बरंच खाली. विज्ञानाच्या बाई! शाळेत कळलं तर पोरं बाकं बडवतील.

फोन ठेवल्यावर घर फार मोठं वाटतं. आबा ओसरीवर, मी आत, मधे टीव्ही.

१८ मार्च
आबांना घेऊन पाटसला आत्यांकडे गेले. आत्या म्हणजे आबांची धाकटी बहीण. न्हावऱ्याच्या पुढे आबांचं लक्ष पडद्याकडे गेलं. "थांब, थांब. बाजूला घे. गाडी तापली." मी म्हटलं, काही नाही झालं. "बहात्तर म्हंजी काय थोडं झालं? ट्रॅक्टरचा काटा तांबड्यात गेला की मी कवाच थांबायचो. हितं तर काटा बी न्हाई." उतरलेच. बॉनेट उघडायला लावलं. पाण्याचा कॅन घेऊन उन्हात उभे, मागून उसाच्या गाड्या हॉर्न देत चाललेल्या. एक ट्रकवाला थांबून विचारून गेला, "काय झालं मामा?" आबा म्हणाले, "बहात्तर झालंय." तो बिचारा आ वासून निघून गेला.

शेवटी मी वैतागले. म्हटलं, "आबा, ते इंजिनाचं नाही. ते तिकडचं माप आहे. रवी आहे ना, तिकडचं."

आबांनी पाण्याचा कॅन खाली ठेवला. बॉनेट हळू लावलं. आत येऊन बसले आणि पाटस येईपर्यंत त्या आकड्याकडे बघत होते.

२० मे
वेडेपणा आहे, पण लिहून ठेवते. हल्ली रवी फोनवर जो आकडा सांगतो तोच मी गाडीत लावते. आज अडुसष्ट म्हणाला. दुपारी आबांना शिरूरला दाताच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, मी अडुसष्ट लावलं. बाहेर आग ओकतंय आणि आत रवीची रात्र. तो आत्ता याच हवेत गाढ झोपला असेल, असं वाटतं. बरं वाटतं आणि मग रडू येतं. दोन्ही एकाच गाडीत.

आबांनी आकडा बघितला. "अडुसष्ट. व्हय, सकाळी फोनवर त्यो अडुसष्टच म्हनला." टोपी सारखी केली आणि समाधानाने मागे टेकून बसले.

मला आत्ता कळलं. त्यांना वाटतंय, गाडी तिकडची हवा दाखवते. मार्चमध्ये मीच तसं बोलले होते. सांगायला तोंड उघडलं, पण त्यांचा चेहरा बघून मिटलं. सांगीन सावकाश.

१२ ऑगस्ट
काम लांबलं. "दिवाळीपर्यंत बघू," म्हणाला. बघू. हा शब्द त्याला तिकडे गेल्यावर फारच आवडायला लागलाय. मी "बरं" म्हटलं. परत ये असं म्हणायचं नाही, मला ने असंही म्हणायचं नाही. त्याने आपणहून म्हणावं. हट्ट आहे माझा. माहेरी दौंडला आई म्हणते, तुझ्या या ताठ्यापायी संसाराचं वाटोळं होईल. होऊ दे.

आबांनी विचारलं, "काय म्हनला?" सांगितलं. चहा संपवला. मग म्हणाले, "त्याला ये म्हनायचं न्हाई. पोराची वाट अडवू न्हाई. आमी तरी काय, मेंढरं घिऊन चार-चार म्हैने कोकनात जायचो. मागं कोन आडवं पडत न्हवतं." सासूबाईंना कसं वाटायचं तेव्हा, हे विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. भिंतीवरच्या फोटोत त्या आपल्या गप्पच आहेत.

१६ सप्टें.
सांगणं राहूनच गेलं. आता तर आबा शेजाऱ्यांनाही सांगतात, "आमच्या रवीकडं आज सत्तर हाय." गाडी धुवायला लागले आहेत. पडद्यावरची धूळ उपरण्याने पुसतात, अगदी हळू.

१८ नोव्हें.
दिवाळी त्याच्याविना झाली. नाताळात पंधरा दिवस येणार म्हणतो.

आज एक्केचाळीस म्हणाला. गाडीत आकडा खाली आणायला लागले. साठपर्यंत आला आणि त्याच्याखाली उतरेना. यंत्राला तेवढंच येतं. मी कितीदा तरी बटण दाबलं. तो त्या थंडीत गेला आणि मला त्याच्यामागे साठच्या खाली उतरता येत नाही. बटणावर बोट ठेवून वेड्यासारखी रडले. मग तोंड धुतलं, आबांना हाक मारली, पाटसला निघाले.

साठ लावल्यावर आत बर्फ. आबा घोंगडी पांघरून बसले. म्हटलं, वाढवू का? "नगं. बघू दी कसं लागतं त्याला." दात वाजत होते म्हाताऱ्याचे. न्हावऱ्याला मी न विचारता बहात्तर केलं.

थोड्या वेळाने म्हणाले, "मेंढरं एकमेकाला चिकटून उभी ऱ्हायली की समजायचं, थंडी पडली. तिथं हाय का कोन त्याला चिकटायला?" मी समोर बघून गाडी चालवत राहिले.

२३ डिसें.
आला. जाड झालाय. त्याच्या बॅगेला वेगळाच वास येतो. आबांनी तोंडावरून हात फिरवला आणि लगेच गोठ्याकडे गेले, बराच वेळ आलेच नाहीत. मी पुरणपोळ्या केल्या, दोन करपल्या. आज दुसरं काही लिहायचं नाही.

२७ डिसें.
दौंडला आईकडे. दोघंच. गाडी तो चालवत होता. मी कितीतरी दिवस या फेरीची वाट बघत होते. पुन्हा तू म्हणायचं, भांडायचं, मनात साठलेलं सगळं बोलायचं.

चौफुल्याच्या अलीकडे त्याची नजर पडद्यावर गेली. "अगं, हे फॅरनहाइटवर कोणी टाकलं? सर्व्हिसिंगवाल्यांनी उद्योग केलेला दिसतोय." आणि चालवता चालवता, एका हाताने, दोन बटणं दाबून धरली. बावीस. "हां. आता आपल्या माणसांना कळेल तरी."

मी त्याच्या त्या दोन बोटांकडे बघत राहिले. त्याला आठवत नाही. अंगण, माझ्याकडून करून घेतलेलं ते तीनदा, दोघांचं माप एक, काहीच आठवत नाही. मी दहा महिने त्या आकड्यात राहिले. त्याच्या लेखी तो गॅरेजचा उद्योग.

सांगायला हवं होतं. "अहो, पुढे डावीकडे वळा," एवढंच म्हणाले. गाडीत अहो. त्याच्या तेही लक्षात आलं नाही. आईने आवडीची शेंगोळी केली होती, अर्धी ताटात राहिली.

५ जानेवारी २००८
उद्या पहाटे जातोय. कंपनी अजून दोन वर्षांचं बोलते आहे, हे आज सांगितलं, बॅग भरता भरता, माझ्याकडे पाठ करून. "तुला काय वाटतं?" "तुम्ही ठरवा." तो थोडा थांबला. मला वाटलं, आता म्हणेल. चल म्हणेल, नाहीतर नाही जात म्हणेल. मोजे घडी करत होता. म्हणाला, "बघू."

१३ जाने.
संक्रांत दोन दिवसांवर, पण सुट्टी आजच, म्हणून आत्यांकडे तिळगूळ द्यायला निघालो. गाडी सुरू केली आणि आबा पुढे वाकले. चष्मा पुसून परत वाकले.

"बावीस?"

माझ्या ध्यानातच नव्हतं. तो गेल्यापासून आबा आज पहिल्यांदा गाडीत बसले होते.

"बहात्तरचं बावीस झालं? साठाच्या खाली तर कवा जात न्हवतं." मी म्हटलं, आबा, ते... "त्यानं सोटर न्हेला का?" नेला म्हटलं. "जाड का बारीक?" जाड.  आत्यांनी दिलेला लाडू हातातच धरून बसले होते.

आज सांगायलाच हवं होतं. नाहीतर घरी आल्यावर दोन बटणं दाबायची होती, बहात्तर झालं असतं, म्हाताऱ्याला झोप लागली असती. यातलं काहीच केलं नाही. दमले होते, असं स्वतःला सांगितलं.

२० जाने.
फोन वाजला तसे आबा माझ्याआधी पोचले. एरवी मी "बोला" म्हणून हातात दिल्याशिवाय घेत नाहीत. मी शेजारी उभी. रवीचा आवाज ऐकू येत होता, तिकडचा फोन नेहमीच मोठा येतो.

"रव्या, बावीस हाय ना तिथं?"

 "आबा, तुम्हाला कसं कळलं? बावीसच आहे आज. हाडं गोठतात."

मी भिंतीला टेकले. त्याचं बावीस फॅरनहाइट होतं. आमच्या गाडीतलं बावीस सेल्सिअस, पंखासुद्धा लागणार नाही असं. तरी आकडा तोच. आबा मात्र दचकले वगैरे नाहीत. त्यांना गाडीने आठवडाभर आधीच सांगितलं होतं.

"लय झालं आता," आबा म्हणाले. "ये घरी. न्हाईतर हिला तरी घिऊन जा. एकट्यानं ऱ्हायाची हवा न्हाई ती."

जे मी वर्षभर गिळलं, ते आबांनी दोन वाक्यांत सांगून टाकलं, आणि तेही वाट अडवू न्हाई म्हणणाऱ्या आबांनी. 

 रवी म्हणाला, "अलकाला द्या." मी फोन घेतला. आबा समोरच होते, तरी तोंडातून निघालं, "बोल." तो म्हणाला, "आबांना काय झालंय?" म्हटलं, "काही नाही. त्यांना थंडी कळते." तो म्हणाला, "आणि तुला?"  म्हटलं, "मलाही कळते."  तो बघू म्हणाला नाही. पुढच्या रविवारी बोलतो म्हणाला.

२७ जाने.
आज रविवार. फोनची वेळ व्हायची आहे.

आबा उजाडल्यापासून गाडीत बसले आहेत. मघाशी चहा द्यायला गेले तर म्हणाले, "जरा चालू कर." केली. पडद्यावर बावीस आलं. आबांनी आकडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "हायच अजून," म्हणाले आणि चहा बशीत ओतला. आवाजात काळजी होती की आणखी काही, मला कळेना. या माणसाने जन्मभर ट्रॅक्टर स्वतः उघडून दुरुस्त केला आहे. रवीने चालवता चालवता ती बटणं दाबली, ते कधी घरी बोलण्यात आलं का, आठवून बघते आहे. न्हावऱ्याला मी साठाचं बहात्तर केलं तेव्हा तर आबा शेजारीच होते. कधीकधी वाटतं, म्हातारा सगळं जाणून आहे. विचारायची मात्र हिंमत नाही.

दोन बटणं एकदम दाबून धरायची, एवढंच. मला येतं. त्यानेच शिकवलं होतं. बहात्तर झालं की आबा निवांत होतील, आणि मग या घरातून त्याला ये म्हणणारं कोणी उरणार नाही.

आबा म्हणाले, "फोन आला की हाक मार." मी हो म्हटलं, गाडी बंद केली आणि घरात आले. बटणांना हात लावला नाही.