माझ्या कोपऱ्यात खुर्च्या नाहीत

१२ नोव्हेंबर
ठरलं. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवणार. देशासाठी, स्त्रीजातीसाठी आणि डेलचं नाक कापण्यासाठी. क्रम उलटा लागला असेल.

गव्हर्नर डेल व्हॅनप्लाटच्या हाताखाली आठ वर्षं लेफ्टनंट गव्हर्नर होते. चारशे बारा फिती कापल्या. आयोवा राज्य एक दिवस चालवू दिलं नाही. मग टीव्हीवर म्हणाला, ऑर्ला गोड पोरगी आहे, आता तिने आराम करावा. मी एकसष्ट वर्षांची आहे! आणि आता हा स्वतः राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालाय. बघतेच.

वहीच्या शेवटच्या पानावर सूड घ्यायची यादी सुरू केली. नाव एकच. खाली दोन रेघा.

२० नोव्हेंबर
घोषणेचं भाषण. आग ओकले. मतासाठी तुरुंगात गेलेल्या बायकांपासून सुरुवात केली, इतिहास उभा केला, शेवटी मूठ उगारली. वार्ताहराचा एकच प्रश्न: जाकीट कुठून घेतलंत?
यादीत दुसरं नाव.

३ डिसेंबर
सर्वेक्षण आलं. मला एक टक्का. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, चार टक्के इकडेतिकडे होऊ शकतात. म्हणजे पाच. पाचपट! डेल अठरावर, म्हणजे चौदा. घसरतोय मेला.

१६ डिसेंबर
बर्फात दारोदार फिरले. शेजारची डॉटी म्हणाली, अगं, मला तू चालशील गं, पण गावातल्या बाकीच्यांना बाई नाही चालायची. पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्याही. सत्तेचाळीस घरी हेच ऐकलं.
म्हणजे सत्तेचाळीस घरांना मी चालते. न चालणारा एकही भेटला नाही.

५ जानेवारी
लॉइडला कॉकसचा, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या गावसभेचा, नियम पुन्हा समजावला. माझा नवरा, प्रचारप्रमुख आणि ड्रायव्हर. चाळीस वर्षं येतोय, तरी विसरतो. चिठ्ठी नाही, पेटी नाही. शाळेच्या जिममध्ये आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभं राहायचं, डोकी मोजायची. शंभरात पंधरा डोकी नसतील तर त्या कोपऱ्याला शून्य. मग तिथल्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात जावं, नाहीतर घरी.
सगळं ऐकून त्याने विचारलं, आणि बसायचं कुठे?

१९ जानेवारी
योजना पक्की. देश नंतर. आधी डेलला आमच्या गावात शून्य. जितकी गर्दी जास्त, तितकी त्याला डोकी जास्त लागणार. म्हणून गावाला घरातून ओढून आणायचं.

डॉटी म्हणाली, चर्चच्या घडीच्या खुर्च्या आणते. ठणकावलं. माझ्या कोपऱ्यात खुर्च्या नाहीत! बायकांनी मताचा हक्क रस्त्यावर उभं राहून मिळवला, बूड टेकून नाही. ती म्हणाली, त्यांच्या कंबरा बऱ्या होत्या बाई.
यादीत डॉटी. पेन्सिलीने, कारण कार्यकर्ती ती एकच आहे.

३ फेब्रुवारी, दुपारी
आज! लॉइडचा गुडघा दुखतोय म्हणे. सुडाच्या दिवशी गुडघा! नेणारच.

४ फेब्रुवारी, सकाळी
झोप नाही. शांतपणे लिहिते.

माणसं आली एकशे अठ्ठेचाळीस. निम्मी मी ओढून आणलेली. तेवीस डोकी हवी होती. माझ्या कोपऱ्यात मी आणि लॉइड धरून बारा. दर्जेदार बारा. डेलच्या कोपऱ्यात बावीस. बावीस! एका डोक्याने मेला होता.

आमचा गट मोडला. चिंता नव्हती. दहाच्या दहा जणांना शपथ घातली होती, कुठेही जा, डेलकडे नाही. सगळ्यांनी पाळली. मी रिकाम्या कोपऱ्यात एकटी, ताठ, त्याचं मरण बघत.

एवढ्यात टाळ्या. तेवीस झाले.

डेलच्या कोपऱ्यात खुर्च्या होत्या. मी नाकारलेल्या. डॉटी म्हणाली, तुला नको होत्या, त्यांनी मागितल्या. शेवटच्या खुर्चीवर पाय पसरून लॉइड बसला होता. ऊठ, म्हणून किंचाळले. मोजणी संपली होती. म्हणाला, अगं, रिकामी दिसली.

दहा जणांना शपथ घातली. नवऱ्याला कोण शपथ घालतं?

८ फेब्रुवारी
प्रचार स्थगित. हरणं वेगळं, स्थगित वेगळं.

डेलचा फोन. म्हणाला, पोरी, लॉइडला माझे आभार सांग. गुरुवारी नदीवरच्या पुलाचं उद्घाटन आहे आणि नव्या लेफ्टनंट गव्हर्नरला फ्लू झालाय. तुझ्यासारखी सरळ फीत कुणी कापत नाही बघ.

रक्त उसळलं. पण डोकं थंड ठेवलं. शत्रूच्या गोटात शिरायची अशी संधी पुन्हा येत नाही. हो म्हटलं.

कात्रीला धार लावून आणली. चारशे तेरावी.