डिकीतली वाळू

क्वीन्सटाउन, टास्मानिया
११ मे १९६४

ती. रेगदादास,
आयव्हीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. डोळ्याचं ऑपरेशन आठ जूनला ठरलं हे बरं झालं. तोवर लाँसेस्टनच्या रस्त्यांवर लोकांना धक्के देत फिरू नकोस. आणि शेजारीण सूप आणून देते तर मुकाट्यानं पी. तिच्या सुपात मीठ कमी असतं हे तू मला चार पानं भरून कळवलंस, तिला मात्र कळवू नकोस म्हणजे झालं.

आता खरी बातमी. खाली बसून वाच. केल माझ्याशी बोलायला लागला! अर्न गेल्यावर मी त्याची गाडी विकायला काढली आणि त्या दिवसापासून पोरानं तोंड मिटलं होतं, ते तुला माहीत आहेच. दोन हिवाळे एका घरात राहून माझा मुलगा मला फक्त हो आणि नाही म्हणायचा. ईस्टरला मी त्याला सांगून टाकलं की गाडी विकत नाही, बापाची आहे, तूच बघ तिच्याकडे. तर साहेबांनी तीन शनिवार ती खाणीच्या वर्कशॉपमध्ये नेऊन ठेवली आणि परत आणली ती चकाचक! मला म्हणाला की आता चिखलात रुतणार नाहीस, आई. मागच्या हिवाळ्यात सासूबाईंच्या दारात मी रुतले होते ना, एक चाक नुसतं गरगर फिरत होतं आणि दुसरं ढिम्म, ते त्यानं लक्षात ठेवलं होतं. मला माहीतच नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

दर रविवारी सासूबाईंचं जेवण घेऊन डोंगरावरून गॉर्मन्स्टनला जाते, ते चालूच आहे. म्हातारी नव्वदीची झाली, पण मटण जरा कोरडं झालं की लगेच ओळखते.

तब्येत सांभाळ. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आयव्ही


लाँसेस्टन
१६ मे १९६४

चि. आयव्हीस,
रेगचे अनेक आशीर्वाद.

पत्र भिंग लावून वाचलं आणि नाक शिंकरलं. सर्दी झाली आहे, भलता अर्थ काढू नकोस. केल बोलला यापरतं सुख नाही. त्याला माझी शाबासकी सांग. मागं मी त्याच्या वेल्डिंगला हसलो होतो. पक्षी घाण करून गेल्यासारखं दिसतं म्हणालो, आणि पोरानं वर्षभर हत्याराला हात लावला नाही. तेव्हा या वेळी नीट शब्दांत सांग.

त्यानं नेमकं काय केलं ते तू लिहिलं नाहीस. तुला विचारून उपयोगही नाही म्हणा, तुझ्या लेखी गाडीत स्टिअरिंग आणि हॉर्न एवढंच असतं.

तिकडे आता दंव पडायला लागेल. बाबा काय करायचे आठवतं ना? पहिलं दंव पडलं की डिकीत वाळूची दोन पोती. आपल्याच नाही, गल्लीतल्या प्रत्येक विधवेच्या डिकीत गुपचूप टाकून यायचे आणि कुणी आभार मानायला आलं की मागच्या दारानं पसार. मागच्या चाकांवर वजन आलं की ती रस्ता धरतात. तूही टाक. त्या डोंगरावरची वळणं मी विसरलेलो नाही.

सासूबाईंना नमस्कार. सगळ्यांना जप.
तुझा दादा, रेग


क्वीन्सटाउन
२६ मे १९६४

ती. दादास,
आयव्हीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी केलला मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवलं. शाबासकी ऐकून त्याचे कान लाल झाले. आणि रविवारी सकाळी डिकी उघडते तर आत वाळूची दोन पोती, तोंडं सुतळीनं बांधलेली! मी विचारलं तर म्हणाला, कुणी टाकली कोण जाणे. अगदी आजोबांवर गेला आहे.

आता एक विचारते, पण हसायचं नाही. ही गाडी हल्ली विचित्र वागते. बेकरीसमोर वळवून लावायला गेले की मागची चाकं कुईं करून ओरडतात आणि गाडी लंगड्या मेंढीसारखी उड्या मारते. सगळी बेकरी बाहेर येऊन बघते. डोंगरावर वळण आलं की मी स्टिअरिंग फिरवते आणि बाईसाहेब आधी सरळच जातात, मग मनात आलं तर वळतात. तुझ्यासारखं झालं आहे तिचं, एकदा निघाली की ऐकत नाही. वाळू टाकल्यापासून तर जास्तच. मागचे टायर मार्चमध्ये नवे घातले होते, ते आत्ताच गुळगुळीत झाले. चिखलातून मात्र अशी निघते की बघत राहावं, दोन्ही चाकं एकदम ओढतात.

केलला विचारलं तर चेहरा पडला त्याचा. टायर अजून बसायचे आहेत म्हणाला. मग मी पुढे विचारलं नाही. दादा, तुझ्या पाया पडते, त्याला काही लिहू नकोस. संध्याकाळी तो आता माझ्याजवळ बसून चहा पितो. ते मला पुन्हा घालवायचं नाही.

उत्तर लवकर टाक. आहे तसाच लोभ धर.
तुझी आयव्ही


लाँसेस्टन
१ जून १९६४

चि. आयव्हीस,
आशीर्वाद.

या पत्रात थट्टा नाही. आज लगेच डिकीतली वाळू काढ. उद्या नाही, आज. मी मूर्खासारखा सल्ला देऊन बसलो, कारण गाडीचं काय केलं आहे ते मला ठाऊक नव्हतं.

केलनं डिफरन्शियल, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध असते ती दातेरी चाकांची पेटी, वेल्डिंग मारून जाम केलं आहे. मी गाडी बघितलेली नाही, पण तू लिहिलंस तेवढं पुरे आहे. लहानपणी आपण दोघं दुधाचा कॅन काठीला अडकवून, शेजारी शेजारी चालत न्यायचो. कोपऱ्यावर वळताना बाहेरच्या बाजूला तू असायचीस, म्हणून तुला पळावं लागायचं आणि मी जागच्या जागी पाय टाकायचो. गाडीची मागची चाकं तशीच. वळताना बाहेरच्या चाकाला लांबचा रस्ता असतो. त्याला पुढे पळू देणं एवढंच त्या डिफरन्शियलचं काम. ते जाम केलं की दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरतात, मग वळणावर एक घासतं, ओरडतं, आणि दोघं मिळून गाडीला सरळच ढकलत राहतात.

खाणीमागच्या मातीच्या मैदानावर पोरं शर्यती लावतात, त्या गाड्यांना असं करतात. मातीत चाक घसरतं म्हणून चालून जातं. चिखलातूनही निघते, केलनं काही खोटं सांगितलं नाही. पण डांबरी रस्त्यावर, पावसात, दंवात ते घात करतं. आणि वर वाळू! मागं वजन पडलं की मागची चाकं रस्ता आणखी घट्ट धरतात, नाक हलकं होतं, आणि स्टिअरिंग नुसतं हातात शोभेला उरतं. घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचललास तर शेपटी फिरेल, तेही एकदम.

ती गाडी चालवू नकोस. केलला सांग. मी सोमवारी दवाखान्यात जाणार, नाहीतर स्वतः आलो असतो. पोर रुसेल, महिनाभर रुसेल, पण तू असशील ना रुसवा काढायला! तू म्हणालीस म्हणून मी त्याला लिहीत नाही. मनाला पटत नाही, तरी लिहीत नाही.

उलट टपाली कळव.
काळजीत, रेग


क्वीन्सटाउन
५ जून १९६४

ती. दादास,
आयव्हीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मोरीत जाऊन दार लावून वाचलं. केल कामावर होता, तोवर एकटीनं दोन्ही पोती ओढून काढली आणि वाळू मागच्या पायऱ्यांवर पसरली. तिथंही दंव साचतंच. कंबर धरली आहे, पण डिकी रिकामी आहे. आता शांत झोप.

केलला सांगणार आहे, चुकवणार नाही. फक्त चौदा तारखेला त्याचा वाढदिवस आहे, तेवढा होऊ दे. तेविसावं लागेल. दोन वर्षं त्यानं केक कापला नाही रे. पोटभर जेवला, खूश असला, की हळूच सांगेन. म्हणेन, मामानं दुसऱ्या कुणाची अशी गाडी बघितली होती. तू आईसाठी केलंस ते चुकीचं होतं असं नाही म्हणवत मला. माझ्यासाठी केलं त्यानं, दादा.

हा एकच रविवार जाते. सासूबाई खिडकीत बसून असतात आणि रविवारी बस नाही. गेले नाही तर केल विचारेल का, मग काय सांगू? अगदी पायी चालल्यासारखी जाईन. वाळू काढली आहे, आणि तू काय सांगितलंस ते लक्षात आहे. घाबरून पाय उचलायचा नाही.

ऑपरेशनला धीरानं सामोरा जा. शेजारणीला माझा नमस्कार. रागावू नकोस, रागावलास तरी माया कमी करू नकोस.
तुझी आयव्ही


क्वीन्सटाउन
१५ जून १९६४

ती. रेगमामांस,
केल्विनचा शि. सा. न.

तार मिळाली असेल. डोळ्याला पट्टी होती म्हणून तुम्हाला येता आलं नाही, ते मला समजलं. मला पत्र लिहिता येत नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

गॉर्मन्स्टनच्या अलीकडच्या वळणावर गाडी सरळ गेली. सार्जंट म्हणाला की वेग अगदी कमी होता, मागून येणाऱ्या माणसानं कंटाळून हॉर्नसुद्धा वाजवला होता. आईनं स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं होतं. रस्त्यावर टायरच्या खुणा आहेत, पट्टी लावून आखल्यासारख्या सरळ, कठड्यापर्यंत. मी रोज जाऊन बघतो. मटणाचं भांडं फडक्यात बांधलेलं तसंच सापडलं. आजीला अजून नीट कळलेलं नाही, ती विचारते आयव्ही कधी येणार.

मामा, तुम्हाला गाड्यांतलं कळतं म्हणून विचारतो. मी ती गाडी चांगली केली होती. दोन्ही चाकं ओढतील अशी केली होती. शनिवारी संध्याकाळी बघितलं तर डिकी रिकामी. मागच्या पायऱ्यांवर वाळू दिसली, म्हणजे आईनं तिकडे वापरली असणार. दंव फार पडलं होतं. म्हणून मी चार पोती भरून ठेवली, नेहमीच्या दुप्पट. तिला सांगितलं नाही. आजोबा सांगत नसत असं ती म्हणायची. एवढं तरी केलं होतं मी.

गाडी वर काढली आहे. पुढचं सगळं गेलं, पण मागचा अ‍ॅक्सल चांगला आहे. तो माझ्या गाडीला बसवतो म्हणजे आजीला जेवण न्यायला होईल. रविवार आता मीच करणार.

सगळे म्हणतात दंव होतं, नशीब होतं. मला ते पटत नाही. वाळू कमी पडली का, मामा?

तुमचा
केल्विन


लाँसेस्टन
१८ जून १९६४

चि. केल्विनास,
अनेक आशीर्वाद.

पट्टी कालच निघाली. पहिलं वाचलं ते तुझं पत्र.

तो अ‍ॅक्सल बसवू नकोस. बसवला असलास तर हे पत्र हातातून ठेव आणि आधी तो काढ. आजीकडे हा रविवार कुणाला तरी पाठव, नाहीतर डोंगर चढून पायी जा, पण त्या अ‍ॅक्सलवर जाऊ नकोस. का ते पत्रात लिहिणार नाही. शनिवारच्या बसनं येतो. मला उतरवून घे. आपण तुमच्या स्वयंपाकघरात बसू, तू चहा ठेव, आणि मी तुला सगळं सांगेन. ऐकल्यावर तुला माझं तोंड बघावंसं वाटणार नाही कदाचित. तरी मी जाणार नाही. तू दोन वर्षं गप्प राहिलास तर दोन वर्षं तिथंच बसून राहीन.

तुझ्या आईनं मला शेवटचं लिहिलं त्यात तुझ्या वाढदिवसाच्या केकबद्दल लिहिलं होतं. तिचा जीव तुझ्यात होता, आणि ती तुझ्यावर खूश होती. पुढचं काहीही ऐकलंस तरी हे सोडू नकोस.

जपून अस, बाळा. माझं आता तुझ्याशिवाय कुणी नाही.
तुझा मामा, रेग

ता. क. वाळू कमी पडली नव्हती.