आबांनी काढलेलं दार

२९ मार्च, शनिवार
ज्या माणसाला गावात कुणी 'का?' म्हणून विचारत नाही, त्याला उद्याची एवढी भीती का वाटते? राज्यशास्त्रात फर्स्ट क्लास मिळवूनही मला याचं उत्तर देता येत नाही. प्रामाणिकपणे लिहिते: माहीत नाही.

आज शनी मीन राशीत गेला. आमचे सरपंच रंगनाथ आबा मेष राशीचे, म्हणजे त्यांची साडेसाती सुरू. त्यात खुर्ची जाणार, असं नगरच्या ज्योतिषाने सांगितलंय म्हणे. ग्रामपंचायतीत दिवसभर दुसरा विषय नाही. आबांनी घोड्याच्या नालेची अंगठी केलीय. बोटात जाईना म्हणून साबण लावून बसवली, आता निघत नाही. वस्तीला उद्या पाणी सुटेल का, हे यांना सांगता येत नाही. शनी कुठल्या घरात आहे, ते मात्र तोंडपाठ.

संकल्प: नुसती टीका करायची नाही. मी इथली कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे. आत राहून बदल घडवायचा.

२ एप्रिल
आबांना दोन पानी निवेदन दिलं, 'पारदर्शक कारभारासाठी सात उपाय'. तिसरा उपाय: कार्यालय सर्वांसाठी खुले असावे. सातवा उपाय: कार्यालयातली आतली खोली वस्तीतल्या मुलींना अभ्यासिका म्हणून द्यावी. वस्तीत एका खोलीत सहा माणसं आणि एक टीव्ही. पुस्तक उघडायला जागा नाही. आतल्या खोलीला कायम कुलूप. आत जुनं दप्तर आहे, असं आबा सांगतात.

आबा म्हणाले, "पोरी, साडेसाती गेली का खोली तुझीच." साडेसाती म्हणजे साडेसात वर्षं. तेव्हा मी एकतीस वर्षांची असेन. पण शब्द दिला, हे महत्त्वाचं.

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "तुझा आबा कागद वाचतो व्हय? त्याला फ्लेक्सवरचं सोताचं नाव सोडून काय वाचाया येत न्हाई. वस्तीतले सौरदिवे कवा लागायचे, ते इचार." दिवे प्रक्रियेत आहेत, असं मी तिला पुन्हा समजावलं. आईचा व्यवस्थेवर विश्वास नाही. शिक्षण नसलं की असं होतं.

४ एप्रिल
निवेदन अजून आबांच्या टेबलावरच आहे. चहाचा ग्लास त्याच्यावर ठेवतात. सतत नजरेसमोर राहावं म्हणून असणार.

७ एप्रिल, सकाळी १०.४०
विश्वास बसत नाही! आबांनी कार्यालयाचं दार काढायला लावलं. नुसतं उघडं ठेवलं नाही, बिजागरीसकट काढलं. मागोमाग आतल्या खोलीचंही. शिपाई गोरक्षनाथने दोन्ही दारं मागच्या पत्र्याखाली टेकवून ठेवली आणि आतल्या दप्तरावर ताडपत्री टाकली.

उपाय तिसरा! पाच दिवसांत! कुठल्या जिल्हा परिषदेत एवढी वेगवान अंमलबजावणी झाली असेल? आईला सांगितलं. तिने तव्यावरची भाकरी उलटली. पटलं असणार.

८ एप्रिल
गोरक्षनाथकडून कळलं. आबा रविवारी शिंगणापूरला तेल घालून आले. तिथल्या घरांना दारं नाहीत, तरी चोरी होत नाही, म्हणतात. आबांनी परतीच्या वाटेवर जीपमध्ये हिशोब मांडला: दार नाही तर चोरी नाही. चोरी नाही तर खुर्ची कोण नेणार? ड्रायव्हर म्हणाला, "आबा, हे कुणाच्या बापाला सुचलं नसतं." ते मात्र खरं आहे.

म्हणजे शनी महाराजांना आता आमच्या ग्रामपंचायतीची वॉचमनची ड्यूटी.

थोडं वाईट वाटलं. पण विचार केला: कारण चुकीचं असलं तरी निर्णय बरोबर आहे. माझ्या निवेदनाचाही नकळत परिणाम झालाच असेल.

११ एप्रिल
दार नसल्यामुळे पहिल्यांदा आल्या त्या शेळ्या. एकीने माझं निवेदन खाल्लं. चहाचा डाग असलेलं पान आधी. कागद गेला, विचार राहतो. शिवाय माझ्याकडे झेरॉक्स आहे.

शेळ्यांमागून म्हाताऱ्या आल्या, पंख्याखाली बसायला. मग बचत गट. ज्या बाया एवढी वर्षं उंबऱ्याबाहेर चपला काढून उभ्या राहायच्या, त्या आता आबांच्या खुर्चीला टेकून तंबाखू मळतात. आबा म्हणाले, "बसू द्या. खुर्ची हाये ना जागेवर?" खुर्ची आहे. आबा सकाळी येऊन तिला हात लावून खात्री करतात.

१३ एप्रिल, रविवार
आज सुट्टी. पण दारच नाही तर सुट्टी कशाची?

उद्या जयंती. वस्तीतल्या बाया सतरंज्या शोधत कार्यालयात गेल्या. आतल्या खोलीत ताडपत्री दिसली. सतरंज्या खाली असतील म्हणून आईने ती ओढली. खाली खोके. खोक्यांत सौरदिवे. आमच्या वस्तीचे. मागच्या वर्षी कागदावर बसवून झालेले, ज्यांचं उद्घाटन होऊन फोटोही छापून आलेले.

मला बोलावून घेतलं. आई म्हणाली, "बघ गं दीपे, तुझ्या आबाचं दप्तर लई उजेडाचं हाय." बाया हसल्या. मी म्हटलं, अधिकृत चौकशीशिवाय निष्कर्ष काढणं योग्य नाही. आईने एक खोका कडेवर घेतला आणि निघाली. पुरावा म्हणून नेते म्हणाली. संध्याकाळी तो दिवा समाजमंदिराच्या कौलाखाली लागला होता. उजेड चांगला लख्ख पडतो.

संकल्प: आबांशी स्पष्ट बोलणार.

१६ एप्रिल
बोलले. म्हणजे विषय काढला. म्हटलं, दोन्ही दारं परत बसवा नाहीतर दिवे तरी बसवा. आबा म्हणाले, "येडी का काय? दार बसवलं तर महाराज कोपतील." शिंगणापुरात पडदा चालतो म्हणे. म्हणून आतल्या खोलीला आबांच्या गेल्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावला. गॉगल घातलेले आबा, हात जोडलेले, 'विकासाचा महामेरू'. वारा आला की महामेरू उचलला जातो आणि खालून सगळे दिवे दिसतात. दुपारी एका शेळीने नेमकं गॉगलमधून तोंड बाहेर काढलं. गोरक्षनाथने तिला "राम राम आबा" केलं. मी त्याला समज दिली. मग बाहेर जाऊन हसले.

खोलीचं काय, असंही विचारायचं होतं. वेळ योग्य वाटली नाही.

२२ एप्रिल
आबांवर अविश्वास ठराव! पुढाकार उपसरपंच राधाकृष्णभाऊंचा. हा आबांचा सख्खा भाचा. साडेसातीत आपली माणसं जवळ ठेवावीत म्हणून आबांनीच जानेवारीत त्याला उपसरपंच केलं. आबा चौथ्यांदा शिंगणापूरला गेले असताना भाऊ आत आला, आबांच्या खुर्चीत बसला, आबांच्याच पेनाने सदस्यांच्या सह्या घेतल्या. दार असतं तर गोरक्षनाथने कडी तरी लावली असती.

आता सदस्यांचं मतदान, मग खास ग्रामसभेत गावाचं.

राधाकृष्णभाऊ मला म्हणाले, "ताई, आपल्याला शिकलेली माणसं लागतात. सभेत बोलायला भाषण लिवून द्या. खोलीचं मी बघतो." किती फरक आहे दोन पिढ्यांत! भाऊ बी.कॉम. आहेत. एक विषय राहिलाय फक्त.

२६ एप्रिल, शनिवार
नगरला गेले. सावेडीला आबांच्या ज्योतिषाच्या, नृसिंहशास्त्रींच्या घरी. उद्देश: अंधश्रद्धेचा मुळापासून पर्दाफाश.

शास्त्री वयस्कर, सौम्य. म्हणाले, "बाळ, मी त्यांना एवढंच म्हटलं, आपली माणसं सांभाळा. हे मी सगळ्यांनाच सांगतो, साडेसाती असो नसो. दार काढा कशाला सांगेन? माझ्याच दाराला दोन कुलपं आहेत." म्हणजे खुर्ची जाणार, हे भाकीत कुणी केलंच नव्हतं. आबांनी स्वतःच ऐकलं, स्वतःच घाबरले, स्वतःच दार काढलं.

निघताना शास्त्रींना माझी जन्मवेळ सांगितली. फक्त त्यांची पद्धत समजून घ्यायची होती म्हणून. एमपीएससीचा योग आहे का, हेही त्याच ओघात विचारलं. म्हणाले, "अभ्यास करा." हे आशादायक वाटतं.

२७ मे, मंगळवार
सदस्यांत ठराव मागेच पास झाला होता. आज गावाचं मतदान. आणि आजच शनिजयंती.

सगळे आबांना सांगत होते, गावात थांबा, घरोघर जा, हात जोडा. आबांचं उत्तर: "मतं मागून नशीब बदलतंय व्हय? मुळावर घाव घालतो." आणि सकाळी शिंगणापूरला गेले. एकटे नाही. अभिषेकाला बळ यावं म्हणून भावकी, सोसायटीचे चेअरमन, तालमीतली पोरं, झाडून सगळे हक्काचे मतदार दोन टेम्पोंत भरून नेले. जयंतीची गर्दी, रांग हलेना. इकडे अधिकाऱ्यांनी वेळेत चिठ्ठ्या मोजल्या.

आबा हरले. एका टेम्पोत मावतील एवढ्या मतांनी.

संध्याकाळी टेम्पो आले, सगळे तेलकट. आबा थेट कार्यालयात गेले. खुर्ची जागेवर होती. तिला हात लावून खात्री केली. मग गोरक्षनाथला म्हणाले, "चोरीला तर न्हाई गेली." गोरक्षनाथ म्हणाला, "न्हाई आबा, जागच्या जागीच हाये."

माझं भाषण फार गाजलं. 'लोकांसाठी सदैव उघडे दार' या वाक्याला टाळ्या. भाऊंनी 'सदैव'च्या जागी 'सध्या' वाचलं, घाईत झालं असेल.

३० मे
राधाकृष्णभाऊंनी पदभार घेतला. त्याआधी पहाटे नगरला जाऊन आले. कुणाकडे, ते विचारलं नाही. बोटात नालेची अंगठी आहे. यांची सैल आहे, ही एक सुधारणा.

२ जून
भाऊंचा पहिला आदेश: सौरदिवे बसवा. आनंदाने आदेश टाईप केला. मग ठिकाण वाचलं: भाऊंच्या मळ्याचा रस्ता. वस्ती दुसऱ्या टप्प्यात.

दुसरा आदेश: दोन्ही दारं परत बसवा, मोठी कुलपं आणा. म्हणाले, "दार नव्हतं म्हणून आबा गेला. मी काय येडा न्हाई." अभ्यासिकेचं विचारलं. त्या खोलीत 'दप्तर' ठेवायचंय, म्हणाले.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. वाटलं, टोमणा मारेल. ती म्हणाली, "जेव आधी."

जेवताना हिशोब लागला. आबा शनीवर तेल ओतत होते, मी आबांवर निवेदनं, मग भाऊंवर भाषण. सगळंच खाली वाहून गेलं. त्यातल्या त्यात तेलाने पायरी तरी ओली झाली.

३ जून, दुपारी ४.००
गोरक्षनाथ धापा टाकत वस्तीत आला. मोठं दार बसलं, पण आतल्या खोलीचं पत्र्याखाली नाही. भाऊंचा निरोप: उद्या सकाळी दार जागेवर पाहिजे, न्हाईतर ऑपरेटर दुसरी बघतो. त्याने समाजमंदिरात डोकावलं, दिव्याखाली बघितलं, कपाळाला हात लावला. "ताई, काय सांगू भाऊला?" आई म्हणाली, "सांग, आमच्याकडं दार न्हाई. टेबल हाय."

नोकरी जाईल. पुढचा संकल्प काय करावा, सुचत नाही. एकच ठरवलंय: दार परत द्यायचं नाही. ठरवलंय म्हणजे, पहाटेच आईने आणि मी ते डोक्यावर आणलं आणि दुपारपर्यंत त्याला चार पाय ठोकून घेतले.

मुली आल्या नाहीत अजून. सध्या मीच बसलेय. टेबल डगमगत होतं. एका पायाखाली 'सात उपाय'ची झेरॉक्स घडी घालून सरकवली. आता हलत नाही.