ब्रेक बांधणाऱ्याची फेरी

जालना, ३ एप्रिल १९४६

मनगट मोडलं असतं आज! लॉरी चालू करायचं हँडल मारताना उलटं फिरलं आणि हातावर बसलं. वर उस्तादांनी पाठीत पाना घातला तो वेगळाच. "अंगठा बोटांसंगं ठेवतेत, येड्या! मुठीत धरलास तर अंगठाच जाईल!"

उस्ताद अजमत. अख्ख्या जालन्यात मोटारीचा असा मिस्त्री नाही म्हणतात. मारण्यातही नसावा. अंतरवालीचं औत सोडून आलो ते मार खायला काय? पण मग इंजिन धडधडलं आणि सगळं विसरलो. मिस्त्री होणारच मी.

१९ एप्रिल

पहिल्यांदा एकट्याने ब्रेक बांधले. आमच्या गॅरेजचा कायदा — ज्याने ब्रेक बांधले, त्याने पहिल्या फेरीला लॉरीत बसायचं. "दुसऱ्याची जान हातात घेतो, तर आपली बी त्यातच ठेव," उस्ताद म्हणाले. बसलो. विचारलं, ब्रेक गेलेच तर? "दरडीला घासायची लॉरी. पत्रा फाटू दे, मानूस न्हाई."

२ मे

आज मार नाही. काहीतरी चुकतंय!

६ मे

साळूअक्का वाटूरहून आली. रडली नाही, ते जास्त वाईट. दाजींनी जमीनदार रामरावांच्या शेतावर वेठीला जायला नकार दिला. चौदा पिढ्या फुकट राबलो, आता बस, असं तोंडावर बोलले म्हणे. रामरावांचा माणूस भुजंग लॉरीभर लाठ्या घेऊन आला. दाजींचे पुढचे दात गेले. पाठीला कापड लावू देत नाहीत. "तुझे दाजी पुन्यांदा न्हाईच म्हनून राह्यलेत रे कडूबा," अक्का म्हणाली. "आता जिते सोडनार न्हाईत त्यांला."

भुजंगाला चाकाखाली घालावंसं वाटतं. वाटतं म्हणजे वाटतंच.

१४ मे

रामरावांची तीच लॉरी ब्रेकसाठी आमच्याकडे आली! फाळक्यावर वाळलेलं रक्त. मागची चाकं उस्तादांनी माझ्याकडे दिली. भुजंग डोक्यावर उभा — "जल्दी कर. उद्या वाटूरला जायचंय. एकएकाला फरफटत आनतो बघ."

ब्रेकची दांडी सुटू नये म्हणून टोकाला बारीक पिन असते. ती घातलीच नाही. धक्के बसले की दांडी गळून पडणार. जाताना ओढ्याचा उतार आहे, तिथेच. भुजंगासकट सगळे खाली.

"पिन घातली?" उस्तादांनी विचारलं. "घातली." दरवेळी स्वतः वाकून बघतात. आज वाकले नाहीत. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, पहिल्यांदाच.

कायद्याप्रमाणे उद्या मी लॉरीत. मेलो तर मेलो.

१७ मे

डाव्या हाताने लिहितोय. उजवा चेचला.

जाताना दांडी सुटलीच नाही! उतार सरळ पार. वाटूरला मी ड्रायव्हरशेजारी बसून सगळं पाहिलं. केस धरून माणसं बाहेर ओढली. एका म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर लाठी बसली, तो आवाज अजून कानात आहे. दाजींना पोत्यासारखं मागे फेकलं. आणि अक्का — तिला कुणी धरलंच नव्हतं! आपणहून चढली नवऱ्यामागे.

म्हटलं, थांबा, ब्रेक बघू द्या. भुजंगाने तोंडावर लाठी मारली. "आता ब्रेक बघतो का? जाताना झोपला व्हतास?" पिनचं सांगितलं असतं तर तिथेच चिरला असता मला. नाही सांगितलं. भ्यालो.

परतताना ओढ्याच्या पलीकडच्या उतारावर ड्रायव्हर ओरडला. पायाखाली ब्रेक लागेना! मागे अक्का. मी ड्रायव्हरच्या हातातलं चाक हिसकावलं आणि लॉरी दरडीला घातली. भुजंग ऐटीत फूटबोर्डवर उभा होता. दरड आणि पत्रा यांच्यामध्ये तो गेला. एकदाच ओरडला. ओठांवर रक्त उडालं माझ्या.

दाजींचा पाय मोडला. बाकी सगळे जिवंत. "कडूबानं वाचवलं," सगळे म्हणतात. अक्काने माझी बोटं कपाळाला लावली. मी ती ओढून घेतली.

१९ मे

उस्ताद आले. लॉरीखाली वाकून बघून आले होते. मी म्हटलं, "उस्ताद, ती पिन मी—" त्यांनी तळहात माझ्या तोंडावर दाबला. काळं ग्रीस, तंबाखूचा वास. "हात तुझा व्हता. आखरी नजर माझी असती. म्या वाकलो न्हाई." बस, एवढंच. मारलं नाही. मारायला हवं होतं!

२१ मे

खैरुनबी चाची आली, उस्तादांची बायको. उस्ताद स्वतः रामरावांकडे गेले आणि म्हणाले, पिन मी विसरलो. रामरावांच्या माणसांनी त्यांना गॅरेजात आणलं आणि त्यांच्याच ऐरणीवर, त्यांच्याच हातोड्याने दोन्ही हात चेचले. चाची म्हणाली, "जिते हैत. ते तुला सांगून राह्यलेत — 'गप रहा. बोललास तर माझे हात फुकट गेले.'"

गॅरेजची किल्ली उशाशी ठेवून गेली.